कोरड्या तोंडाची साक्ष

तुमच्या तोंडाला वास येतो, हे तुम्हाला शेवटचं कोणी तोंडावर सांगितलं?

आठवणार नाही, कारण असं कोणी सांगतच नाही. लोक खुर्ची मागे घेतात, खिडकी उघडतात, बोलता बोलता मान वळवतात. मग शेजाऱ्याला सांगतात, साहेबाला सांगतात, सोयरीक जुळवणाऱ्या मामाला सांगतात. ज्याचं तोंड आहे त्याला वगळून गावभर सांगतात आणि त्या माणसाबद्दल निकालही देऊन टाकतात: दात घासत नसेल, पोट खराब असेल, पीत असेल.

मी दातांची डॉक्टर. जिथून सगळे मागे सरकतात तिथे नाक पुढे न्यायचं, हा माझा धंदा. आधी धानोऱ्याला होते, आता चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या एका ग्रामीण दवाखान्यात आहे. अनुभव लिहायला सांगतात ते निवृत्त माणसांना, आणि माझ्या निवृत्तीला अजून पुष्कळ अवकाश आहे. पण निवृत्त माणसं मिटलेल्या भांडणांवर लिहितात. मला चालू भांडणावर लिहायचं आहे.

आमच्या घरात छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर कोनाड्यातले देव गेले आणि तिथे पुस्तिका आल्या. बाबा चंद्रपुरात एका लहानशा छापखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी तिथेच आठ पानी, सोळा पानी पुस्तिका छापायचे: अंगात येण्यावर, हुंड्यावर, पाणी गाळून पिण्यावर. मेळाव्यात चादर अंथरून त्या मांडायचे आणि मी शेजारी बसून पानं दुमडायची. अक्षरओळख मला शाळेच्या आधी तिथेच झाली. बाबांचा एक नियम होता. "एका पुस्तिकेत एकच गोष्ट सांगाची," ते म्हणायचे, "अन् शेवटच्या पानावर वाचणाऱ्याले काम सांगाचं. नुसता शहाणा करून सोडाचा नाई त्याले."

तर माझी एक गोष्ट आहे लाळ. काम शेवटी सांगते.

लाळ म्हटलं की लोकांना तान्हं मूल आठवतं, नाहीतर कुत्रं. तिच्याकडे कोणी आदरानं पाहत नाही. खरं तर तोंडाच्या घरातली सगळ्यात राबणारी बाई तीच. कानाच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली तिच्या मोठ्या ग्रंथी असतात, ओठांत आणि गालांत बारीक बारीक आणखी कितीतरी. तिथून ती दिवसभर झिरपत असते. आपण जेवलो की तोंडात आम्ल तयार होतं, ते ती मारते. दातांना क्षार पुरवते. जंतूंना आवर घालते. आणि सगळ्यात साधं काम म्हणजे ती सतत धुते. आमच्याकडचे नाले पाहा. धार असते तोवर पाण्याला वास नसतो. उन्हाळ्यात धार तुटली, डबकं उरलं, की तेच पाणी घाण मारायला लागतं. तोंडाचंही तसंच. लाळेची धार तुटली की जिभेच्या मागच्या बाजूला आणि हिरड्यांच्या फटीत बसलेले जंतू अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, रक्त, जे मिळेल ते कुजवतात. त्यातून गंधकाचा वायू सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच.

हिरड्यांचा आजार मात्र नुसत्या कोरड्या तोंडानं होत नाही, हेही स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या कोणी ब्रश फेकून नुसतं पाणी पीत बसेल. हिरड्या बिघडतात कीटणानं. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट थर बसतो, हिरडी सुजते, रक्त येतं, मग आतलं हाड खचतं आणि दात हलायला लागतो. लाळेतलेच क्षार त्या थरावर बसले की त्याचा दगड होतो. म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिथे लाळेची नळी उघडते, तिथेच दगड जास्त. म्हणजे राखणदारालाही खोड आहे. पण राखणदारच नसला तर चोरांना रान मोकळं.

लाळ आटलीय हे ओळखायला आम्हाला मोठं यंत्र लागत नाही. तोंडात घालायचा छोटा आरसा आम्ही गालाच्या आतून फिरवतो. ओल्या तोंडात तो सरकतो. कोरड्या तोंडात गालाला चिकटतो, सोडवावा लागतो. आरसा चिकटला की मी गप्प होते आणि प्रश्न विचारायला लागते.

प्रश्नांची उत्तरं कधी हसवतात. धानोऱ्याला एक नवरदेव हळदीच्या आदल्या दिवशी जीपभर नातेवाईक घेऊन आला होता. गालात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला ऐवज. आमच्याकडे तो पानापेक्षा मानाचा.

"मॅडम, परवापर्यंत वास नको याले, बस."

"आणि परवानंतर?"

"परवानंतर बायको होते ना थे!"

मी त्याला आरशात त्याच्याच हिरडीचं रक्त दाखवलं. तो पाहत होता, नातेवाईक पाहत होते, आणि त्याची आत्या मागून म्हणाली, "दाखवा दाखवा, त्या पोरीच्या घरी पन दाखवा." खर्रा त्यानं खिडकीबाहेर थुंकला. किती दिवसांसाठी, ते मला माहीत नाही.

आणि कधी उत्तर दिवसभर सोबत येतं. कोरपन्याकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येत. लोक मला टाळतात, तोंडाला वास येतो, म्हणत. वास नव्हता. हिरड्या घट्ट, लाळ भरपूर. मी हरप्रकारे सांगितलं, त्यांना पटेना. बऱ्याच उशिरा कळलं की बायको वारल्यापासून त्यांच्याशी दिवसभर कोणी बोलतच नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांनी आपल्या तोंडात शोधलं होतं. त्यावर माझ्या कपाटात औषध नव्हतं. मी त्यांना चहा पाजत असे, तेवढंच.

आता इंदूची गोष्ट.

आमच्या भागात वाघ पाहायला उघड्या जिप्सी गाड्या ज्या गेटांतून जंगलात जातात, त्यातलं एक गेट इंदू मडावीच्या गावाला लागून आहे. ते गावची समिती चालवते आणि गावातलीच माणसं पाळीपाळीनं गाइड म्हणून गाडीवर जातात. इंदू तिच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, पहिली बाई गाइड. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा खाकी पँट, हिरवा शर्ट, छातीवर बिल्ला, आणि नाकातोंडावर ओढणी करकचून बांधलेली.

"मॅडम, खरं सांगजा. लपवू नका."

"आधी ओढणी सोडा."

"सोडली त तुमी मांगं सराल."

आमच्या मदतनीस लताबाई हत्यारं उकळत ठेवत होत्या. त्या तिकडूनच म्हणाल्या, "सोड वं बाई. आमच्या मॅडमचं नाक मेलं आता."

तिनं ओढणी सोडली. वास होता. मी मागे सरले नाही, पण खोटंही बोलले नाही. "वास आहे," मी म्हटलं, "आणि त्याचं कारण सापडेल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं होतं तसं अपमानानं नव्हे. "तुमी पयल्या मानूस, तोंडावर सांगनाऱ्या," ती म्हणाली. "बाकी सारे नुसते मान फिरवते."

हिरड्या लाल, सुजलेल्या, हात लावताच रक्त. खालच्या दातांमागे दगड. पुढचा एक दात हलत होता. आणि आरसा गालाला चिकटला. मी तिला कपात नुसती लाळ साठवायला सांगितलं. चिकट, फेसाळ, तार धरणारे थोडेसे थेंब पडले. साखर तपासली, ठीक होती. लाळ आटवणारं कोणतं औषध चालू नव्हतं. खर्रा? कधीच नाही. दारू?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी पन तेच विचारता."

"सगळ्यांना विचारते. नवरदेवालासुद्धा विचारलं होतं."

"मोहाची दारू आमी पेनाले, आमच्या देवाले, चढवतो. देवाचं हाये थे. मी नाई पेत."

मी दगड काढले, हिरड्यांच्या आतून सफाई केली, ब्रश कसा धरायचा ते दाखवलं आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. ती म्हणाली, "हो." दवाखान्यातला 'हो' म्हणजे बहुतेक वेळा 'आता जाऊ द्या' असतो. रक्त थांबलं, सूज उतरली. पण उन्हाळा लागला आणि पुढच्या तपासणीत आरसा पुन्हा गालाला चिकटला.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी ती आली. या वेळी ओढणी नव्हती, आणि छातीवर बिल्लाही नव्हता.

"आता झाकून का करू?" ती म्हणाली. "साऱ्या गावाले माईत झालं."

झालं होतं असं. सफारीवरून परतलेल्या एका कुटुंबानं गेटवर तक्रार केली होती की तुमच्या गाइड बाईच्या तोंडाला वास येतो, ती पिऊन येते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीआधी समितीचे देवरावभाऊ ड्रायव्हरांची दारू तपासायला आणलेलं फुंकायचं मशीन घेऊन उभे होते. इंदूनं फुंकलं. मशीन वाजलं. बिल्ला तिथेच काढून घेतला. येत्या रविवारी समितीची बैठक होती, आणि तिचं नाव कायमचं काढायचं हे जवळजवळ ठरलंच होतं.

"लोकं म्हनते, बाई ठेवली त असंच होते. दुसऱ्या कोन्या बाईले आता घेत नाई म्हनते. अन् माह्या पोरीले शाळेत म्हनते, तुही माय पेते." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

मला संताप आला, आणि तो मी आजही जपून ठेवला आहे. शहरातल्या एखाद्या बाईच्या तोंडाला वास आला असता तर तक्रार झाली असती का? झालीच असती तर लोक म्हणाले असते, पित्त असेल, उपास असेल. गोंडाच्या बाईच्या तोंडाला वास आला म्हणजे मोहाचीच! नाकानं हुंगायचं आणि जातीनं निदान करायचं, हा आपल्याकडचा फार जुना दवाखाना आहे. तो बंद पाडायला बाबांनी आयुष्यभर शाई घातली. मी तिथे गप्प बसणार नव्हते.

पण संतापानं मशीनचा आवाज पुसता येत नाही. त्याला कारण लागतं.

"फुंकायच्या आधी तोंडात काय घेतलं होतं?"

"काईच नाई."

"पाणी?"

"पानी त नाईच."

"मग? आठव."

तिनं पिशवीतून एक बाटली काढली. चूळ भरायचं हिरवं औषध. चंद्रपूरच्या मेडिकलमधून आणलेलं. 'सगळ्यात झणझणीत असंन थे द्या,' असं सांगून. "वास नको म्हनून रोज घेत होती, फेरीच्या आधी. त्या दिवशी भेव वाटलं, म्हनून दोनदा घेतलं. नळावर चूळ भरली अन् सिधी मशीनपाशी गेली."

मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. त्यात अल्कोहोल होतं. अशा औषधाची चूळ भरली की काही मिनिटं तोंडात त्याची वाफ राहते. मशीनला पोटातली दारू आणि गालातली चूळ यांतला फरक लगेच कळत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे अशी कडक औषधं आधीच कोरड्या तोंडाला आणखी कोरडं करतात. वास झाकायला घेतलेली वस्तू वासाला मदत करत होती आणि वर तिलाच दारुडी ठरवत होती.

लताबाई म्हणाल्या, "म्हणजे दारूनं चूळ भरून दारूची परीक्षा दिली हिनं!"

इंदू रडता रडता हसली. पण माझ्या डोक्यात तिचं दुसरं वाक्य अडकलं होतं.

"इंदू, 'पानी त नाईच' म्हणजे काय? पाणी काऊन नाई?"

तिनं दाराकडे पाहिलं. लताबाईंनी उठून दार लोटलं.

मग तिनं सांगितलं. आत गेल्यावर गाडीतून उतरायचं नाही, हा जंगलाचा नियम. सकाळची फेरी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत. गाइड पुढे उभी, तोंड मागे पर्यटकांकडे, उघड्या गाडीत वारा आणि धूळ खात सतत बोलायचं. मधे एका झोपडीपाशी गाडी थांबवता येते. तिथे एक संडास आहे, पण कडी तुटलेली आणि पाणी नाही. ड्रायव्हर आणि गडी गाइड झोपडीमागे जाऊन येतात. बाईनं काय करायचं? म्हणून ती आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडायची. सकाळी घोटभरही नाही. फेरी संपली की दुपारची फेरी, म्हणून तेव्हाही जेमतेम. तेही चंद्रपूरच्या मे महिन्यात, जेव्हा इथली जमीन तव्यासारखी तापते.

शरीरात पाणी नाही तर लाळ कुठून येणार? वर तासन् तास उघडं तोंड. मी तिला भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं होतं, आणि ती 'हो' म्हणाली होती. त्या 'हो'मागे हे होतं.

"रविवारी मी येते," मी म्हटलं. "सगळं सांगते."

"मशीनचं सांगा. हे नाई." तिनं माझा हात धरला. "हे तिथी नका सांगू, मॅडम. सारे गडी असते. मेली तरी चालन, पन हे नाई."

मी शब्द दिला.

रविवारी गेटच्या मांडवात समिती बसली होती. ड्रायव्हर, गाइड, गावातली दहा-पंधरा माणसं. बाया बाहेर कुंपणापाशी उभ्या. इंदू एका खांबाला टेकून. देवरावभाऊ वयस्कर, शांत माणूस, पण नियमाला पक्के.

"मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या," ते म्हणाले. "पन मशीन खोटं बोलत नाई."

"नाहीच बोलत, भाऊ. पण त्याला कधी विचारलं तेही पाहावं लागतं. आणा इकडे."

मी आधी नुसतं फुंकलं. मशीन गप्प. मग इंदूची हिरवी बाटली उघडली, सगळ्यांसमोर चूळ भरली, थुंकले आणि फुंकलं. मशीन कर्कश वाजलं.

मांडव हशानं फुटला. "डॉक्टरबाई पेल्या!" एक ड्रायव्हर ओरडला. "धरा रे, बिल्ला काढा त्यांचा!"

लहानपणापासून रोज पंचशील म्हणत, दारूपासून दूर राहण्याची शपथ घेत वाढलेली मी, आणि भर दुपारी पन्नास डोळ्यांदेखत मशीननं मला दारुडी ठरवलं होतं. बाबा असते तर त्यांनी त्यावर पुस्तिका काढली असती.

"आता चहा घ्या," मी म्हटलं, "आणि अर्ध्या तासानं पुन्हा विचारू या." चहा झाला. गप्पा झाल्या. पुन्हा फुंकलं. मशीन गप्प. देवरावभाऊंनी बाटली हातात घेतली, वास घेतला, स्वतः चूळ भरली आणि स्वतः फुंकलं. मशीन वाजलं तसे ते दचकले. मग प्रत्येकाला फुंकायचं होतं. बाटली हातोहात फिरली. त्या दिवशी त्या मांडवात मशीननं निम्म्या गावाला दारुडं ठरवलं, आणि त्यातले काही जण म्हणे खरेच प्यालेले होते, त्यांनी ही संधी साधून घेतली.

हसणं ओसरलं तेव्हा देवरावभाऊ म्हणाले, "बरं, दारू नाई. मानलं. पन वास त होता ना? पर्यटक खोटं कायले बोलन? वासच असंन त गाइड कशी ठेवाची?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मी शब्द दिलेला होता. मी म्हटलं, "तोंड कोरडं पडतं. त्यावर उपचार चालू आहे."

"कोरडं काऊन पडते? आमचं नाई पडत."

मी इंदूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते सांगण्यासारखंच झालं असतं. माझं स्वतःचं तोंड कोरडं पडलं होतं.

खांबापाशी हालचाल झाली.

"मी सांगतो," इंदू म्हणाली. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल अशाच बोलतात. "मी पानी पेत नाई, म्हनून. आदल्या रातीपासून पेत नाई."

"काऊन?"

"कारन जाचं कुठी, भाऊ?"

ती खांब सोडून पुढे आली.

"तुमी गाडी थांबवता, झोपडीच्या मांगं जाता. मी गाडीतच बसून राहतो. संडासाले कडी नाई, पानी नाई. गाडीत चार पाव्हने, ड्रायव्हर गडी. त्यायले का म्हनू, थांबवा, मले जाचं हाये? कोन्या तोंडानं म्हनू?"

देवरावभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, मंग सांगतलं काऊन नाई आमाले?"

"तुमी विचारलं का कधी?"

कुंपणापाशी उभ्या बायांमधून एक आवाज आला, दोन गावं पलीकडे गाइडचं काम सोडून दिलेली एक बाई होती ती: "म्या याच्याचसाठी सोडलं. घरी सांगतलं, मन नाई लागत."

त्या आवाजाचं मला आजही वाईट वाटतं. तिचं तोंड कोणी तपासलंच नव्हतं. ती नुसती घरी गेली आणि आम्ही सगळ्यांनी मानलं की बायांना हे काम जमत नाही.

बैठक त्यानंतर फार चालली नाही. देवरावभाऊंनी स्वतः उठून बिल्ला इंदूच्या हातात दिला आणि तक्रार खोटी होती हे पोरीच्या शाळेतही आपण जाऊन सांगू, म्हणाले. आणि ते गेले, हे मी पाहिलं नाही पण ऐकलं. झोपडीच्या संडासाला कडी लागली, पाण्याचा ड्रम आला. आणि समितीनं एक नियम केला, तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: प्रत्येक गाडी झोपडीपाशी दहा मिनिटं थांबणारच. कोणी मागो न मागो. म्हणजे कोणत्याही बाईला मागावंच लागणार नाही.

त्यानंतर मी इंदूला औषधांची यादी दिली नाही, साध्या गोष्टी सांगितल्या. सकाळी दोन ग्लास पाणी पिऊनच निघायचं. गाडीत बाटली, घोट घोट. हिरवी बाटली कचऱ्यात. फेरी संपली की वाळवलेल्या आवळ्याची एक फोड चघळायची, आंबटानं लाळ सुटते, पण दिवसभर नाही, नाहीतर दात झिजतात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. रात्री ब्रश, न चुकता. पुढच्या तपासणीत मी आरसा तिच्या गालातून फिरवला आणि तो सरकला. लताबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं."

हलणारा तो पुढचा दात मात्र मला वाचवता आला नाही. हाड फार आधी गेलं होतं. इंदू हसते तेव्हा तिथे फट दिसते. ती म्हणते, "राहू द्या मॅडम, तिथून पानी पेता येते." मला तो विनोद अजून नीट हसता येत नाही.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. पण अलीकडे इंदू तपासायला आली आणि आरसा पुन्हा किंचित अडखळला.

"नियम गेला का?"

"नियम हाये. पन गाडी झोपडीपाशी आली का पाव्हने म्हनते, थांबू नका थांबू नका, तिकडं वाघ हाये, निंघून जाईन. ड्रायव्हर भेते, मंग थांबत नाई."

"आणि तू?"

"मी मंग सकाळी पानी कमी पेतो," ती म्हणाली, आणि लगेच, माझा चेहरा पाहून, "थोडंसंच कमी."

तर हे आहे आमचं चालू भांडण. कडी आम्ही लावली, ड्रम आम्ही भरतो, नियम समितीनं केला. उरलेला भाग माझ्या हातात नाही, तिच्याही नाही. तो वाचणाऱ्यांच्या हातात आहे, कारण आमच्या जंगलात वाघ पाहायला येता ते तुम्हीच.

म्हणून काम सांगते. पुढच्या वेळी तुम्ही आमच्याकडे किंवा कुठल्याही जंगलात गाडीत बसाल, तेव्हा निघण्यापूर्वी गाइड बाईंना एवढंच म्हणा, "बाई, पाणी घ्या." आणि वाटेत थांबायची जागा आली की वाघाचा विचार जरा बाजूला ठेवा. ड्रायव्हरला सांगा, "भाऊ, थांबवा, आम्हाला जायचं आहे." नसेल जायचं तरी सांगा. आणि गाडी थांबली की वाट पाहू नका.

आधी तुम्ही उतरा.